शंका घेणारा अडाणी नसतो : नवे तंत्रज्ञान लोकांना सांगताना

२००१ सालच्या ऑक्टोबरात गुजरातमधल्या कपाशीवर बोंडअळीचा मोठा हल्ला झाला आणि फवारणीमागून फवारणी करूनही पीक हाती लागेना. त्याच सुमारास काही शेतांतली कपाशी मात्र बोंडांनी लगडलेली उभी होती. चौकशी झाली तेव्हा कळले, की त्या बियाण्यात ‘बीटी’ नावाने ओळखले जाणारे जनुक आहे आणि ते बियाणे सरकारने अजून मंजूरच केलेले नाही. जनुकबदल केलेल्या पिकांना परवानगी देणाऱ्या केंद्रीय समितीने ते पीक नष्ट करण्याचा आदेश दिला, शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला, आणि पुढच्याच वर्षी मार्च महिन्यात देशात बीटी कापसाला अधिकृत परवानगी मिळाली.

काही वर्षांनी तोच विषय वांग्याच्या रूपाने पुढे आला. कपाशीतले क्राय१एसी हेच जनुक वांग्यात घातले, तर शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीचा बंदोबस्त होतो, असे दिसून आले होते, आणि १४ ऑक्टोबर २००९ रोजी त्याच समितीने बीटी वांग्याला संमती दिली. या वेळी परवानगी तयार होती, पण लोक तयार नव्हते. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यांत अहमदाबाद होते आणि नागपूरही होते. शेतकरी, शास्त्रज्ञ, ग्राहक, बियाणे कंपन्या असे सगळेच त्यांत हिरिरीने बोलले. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये बीटी वांग्याला परवानगी दिली आणि पुढच्या वर्षी ते तिथल्या शेतांत लागलेही.

एकच जनुक, एकच समिती, आणि गुजरात तर दोन्ही कथांत आहे. एके ठिकाणी लोकांनी परवानगी येण्याआधीच तंत्रज्ञान उचलले आणि दुसऱ्या ठिकाणी परवानगी आल्यावरही ते नाकारले. लोक नव्या विज्ञानाला अज्ञानापोटी घाबरतात, हे आपल्याकडे नेहमी दिले जाणारे कारण या दोन्ही घटनांना एकदम लागू पडत नाही, कारण २००१ मधल्या कपाशीवाल्या शेतकऱ्याला २०१० मधल्या शहरी गिऱ्हाइकापेक्षा जनुकशास्त्र जास्त येत होते, असे कोणी म्हणणार नाही. शेतकऱ्याने फायदा स्वतःच्या बांधावरून पाहिला होता, जोखीम त्याची होती आणि नफाही त्याचाच होता. वांगे विकत घेणाऱ्या बाईला मात्र त्या वांग्यातून आपल्याला काय मिळणार, हे कोणी नीट सांगितलेच नाही. तिच्या कानावर एवढेच आले, की चाचण्यांची बरीचशी माहिती बियाणे कंपनीनेच पुरवलेली आहे. वास्तविक वांगे हे अतिशय फवारणीचे पीक आहे, आणि कीटकनाशक कमी लागणे हा खाणाऱ्याच्याही हिताचा मुद्दा होता. तो वेळेवर तिच्यापर्यंत पोहोचला नाही.

नवे तंत्रज्ञान समोर आले की सामान्य माणूस जे विचारतो, ते फार व्यवहारी असते. याचा फायदा कोणाला, बिघडले तर भुर्दंड कोणावर, तपासले कोणी, आणि नको वाटले तर मागे फिरता येईल का. हे प्रश्न शास्त्राबाहेरचे आहेत असे समजून सांगणारा ते बाजूला ठेवतो आणि पेशी, जनुक, प्रथिन यांचे चित्र काढू लागतो. चित्र उत्तम असते, ऐकणारा मानही डोलावतो, पण घरी जाताना त्याची शंका जशीच्या तशी त्याच्याबरोबर जाते.

जगभर हा अनुभव आलेला आहे. १९८५ मध्ये इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने विज्ञान आणि जनता या विषयावर एक अहवाल काढला. लोकांना विज्ञान कळले तर ते त्याचे स्वागत करतील, या विश्वासावर पुढची कित्येक वर्षे तिथे व्याख्याने, प्रदर्शने आणि कार्यक्रम झाले. या विचारसरणीत लोकांकडे काहीतरी कमी आहे आणि ते भरून काढायचे आहे, असे गृहीत धरलेले असते. पण त्याच काळात इंग्लंडच्याच वायव्य भागात, कंब्रियाच्या डोंगरांत, जे घडत होते त्याने या गृहीतकाला मोठा तडा दिला, आणि तो प्रसंग जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे.

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला. किरणोत्सारी ढग युरोपभर पसरले आणि मे महिन्याच्या सुरुवातीच्या पावसाबरोबर कंब्रियाच्या कुरणांवर सीझियम उतरले. जूनमध्ये तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली आणि ती तीन आठवड्यांत उठेल, असे शेतकऱ्यांना खात्रीने सांगण्यात आले. शास्त्रज्ञांचा हिशेब चिकणमातीवरून बांधलेला होता. अशा मातीत सीझियम घट्ट धरले जाते आणि मग ते गवतात चढत नाही. डोंगरावरची जमीन मात्र कुजलेल्या वनस्पतींची, आम्लधर्मी होती. तिथे सीझियम मोकळेच राहिले, गवतातून मेंढीत आणि मेंढीच्या विष्ठेतून पुन्हा जमिनीत फिरत राहिले. तीन आठवड्यांची म्हणून आलेली बंधने शेवटच्या काही शेतांवरून २०१२ मध्ये उठली.

ब्रायन विन या समाजशास्त्रज्ञाने त्या शेतकऱ्यांशी सविस्तर बोलून जे नोंदवले, ते विज्ञानसंवादाच्या अभ्यासात पायाभूत मानले जाते. डोंगरावरच्या मेंढ्यांना गवताऐवजी पेंढा घालावा, असा सल्ला तज्ज्ञांकडून आला, तेव्हा मेंढी पेंढ्याकडे ढुंकूनही पाहत नाही हे प्रत्येक धनगराला ठाऊक होते. त्याच परिसरात सेलाफिल्डचा अणुप्रकल्प होता, तिथे १९५७ मध्ये आग लागलेली होती, आणि हे सीझियम खरोखर सगळे चेर्नोबिलचेच आहे का, असे शेतकरी विचारत होते. त्यांना उत्तर मिळाले, पण त्यांना जी मोजमापे हवी होती ती त्यांच्यापुढे ठेवली गेली नाहीत. तज्ज्ञांचे ज्ञान खोटे नव्हते, ते दुसऱ्या मातीचे होते. आणि त्या विशिष्ट डोंगराचे ज्ञान ज्यांच्याकडे होते त्यांना कोणी विचारलेच नाही. २००० साली ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या समितीने आपल्या अहवालात एकतर्फी सांगण्याऐवजी दुतर्फी संवादावर भर दिला, त्यामागे असे अनेक अनुभव होते.

आपल्याकडच्या बीटी कापसाच्या बाबतीतही सांगण्यातली अशीच एक उणीव राहून गेली, आणि तिची किंमत याच गुजरातने पहिल्यांदा मोजली. बीटी जनुक कसे काम करते, हे आधी पाहू. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत आढळणारा जीवाणू एक प्रथिन तयार करतो. बोंडअळीच्या आतड्यातले वातावरण अल्कधर्मी असते. तिथे ते प्रथिन कार्यरत होते, आतड्याच्या पेशींवरच्या विशिष्ट जागी चिकटते आणि आतड्याला भोके पाडते. माणसाचे जठर आम्लधर्मी असते आणि त्या प्रथिनाला चिकटण्याजोग्या जागा आपल्या आतड्यात नसतात. जीवाणूतले हे प्रथिन बनवणारे जनुक कपाशीत घातले की झाड स्वतःच ते तयार करू लागते.

आता प्रश्न असा, की ज्या एखाद्या अळीवर नैसर्गिकरीत्याच या प्रथिनाचा परिणाम होत नाही, ती वाचणार. अशा वाचलेल्या अळ्यांचे पतंग एकमेकांशीच जुळले, तर त्यांची सगळी पिल्ले बीटी पचवणारी निपजतील आणि काही वर्षांत बियाण्याचा उपयोग संपेल. यावरचा उपाय असा, की शेताच्या कडेला थोडी साधी, बिगर-बीटी कपाशी लावायची. तिच्यावर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग भरपूर संख्येने उडतात, वाचलेल्या मोजक्या पतंगांचा जोडा बहुधा त्यांच्याशीच जमतो आणि त्यांची पिल्ले पुन्हा बीटी झाडावर मरतात. म्हणून बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचे बिगर-बीटी पाकीट दिले जाई आणि कडेने ते लावावे, असा नियम होता.

दोन-चार एकरांचा धनी असलेल्या शेतकऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. महाग बियाणे अळी मारण्यासाठी घेतले, आणि त्याच पाकिटाबरोबर आलेल्या सूचनेत अळीला खायला घालण्यासाठी शेताचा एक भाग राखून ठेवा, असे म्हटले आहे. त्यामागचे कारण त्याला कोणी बांधावर बसून सांगितले नसेल, तर ते छोटे पाकीट तो फेकून देणार, हे उघड आहे, आणि बहुतेक ठिकाणी तसेच झाले. २०१० मध्ये गुजरातमधल्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी क्राय१एसीला दाद देत नसल्याचे खुद्द हे तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीने जाहीर केले. पुढच्या काही वर्षांत दोन जनुकांचे सुधारित बियाणेही तिच्यापुढे हतबल ठरले. याला केवळ ते फेकलेले पाकीट कारण नव्हते. जास्त महिने शेतात राहणारी संकरित वाणे आणि हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी यांचाही त्यात वाटा होता. पण ज्या सूचनेवर तंत्रज्ञानाचे आयुष्य अवलंबून होते, ती सूचना कारणाशिवाय दिली गेली, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. नियम पाकिटावर छापणे एवढ्यावर सांगणाऱ्याचे काम संपले, असे सर्वांनी मानले होते.

बडोद्यातल्या दांडिया बाजारात एका मंडळाच्या व्याख्यानात हा विषय निघाला होता, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका काकूंनी विचारले, “अहो, वांगं नको म्हणून एवढं रान उठवलंत, पण आपल्याकडचं फरसाण तर कपासिया तेलातच तळतात ना? मग बीटी आपण केव्हापासून खातोय?” सभागृहात हशा पिकला, पण त्या संध्याकाळचा सर्वांत नेमका प्रश्न तो होता. त्याचे उत्तर देताना सांगावे लागते, की सरकीचे शुद्ध केलेले तेल म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्ध पदार्थ असतो, त्यात प्रथिन उरत नाही, आणि बीटीचा जो काही अंश आहे तो प्रथिनाच्या रूपात असतो. तो पेंडीत राहतो, पेंड गाई-म्हशी खातात, आणि त्यांच्या पोटात तो इतर प्रथिनांसारखा पचतो. अशी सरकी खाणाऱ्या गाईंच्या दुधाच्या तपासण्या झालेल्या आहेत आणि दुधात ते प्रथिन आढळलेले नाही. वांग्याच्या बाबतीत मात्र प्रथिन थेट भाजीतच असते, म्हणून त्याची वेगळी तपासणी मागणे गैर नव्हते. स्वयंपाकघरातून आलेल्या त्या एका प्रश्नाने तेल, पेंड, दूध आणि भाजी यांच्यातला फरक जितका स्वच्छ झाला, तितका तासाभराच्या व्याख्यानाने झाला नव्हता.

सांगण्यातली दुसरी मोठी अडचण आकड्यांची आहे. १९९५ च्या ऑक्टोबरात ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला, की नव्या पिढीच्या काही गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. बातमी पसरली, हजारो स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले. ‘दुप्पट’ हा आकडा खरा होता. पण जुन्या गोळ्या घेणाऱ्या दर ७,००० स्त्रियांपैकी एकीला गुठळी होत असे, नव्या गोळ्या घेणाऱ्या दर ७,००० पैकी दोघींना. म्हणजे वाढ होती सात हजारांत एकीची. त्यातून गर्भारपणात गुठळीचा धोका मुळातच या गोळ्यांच्या धोक्याहून अधिक असतो. किती जणांपैकी किती, हे सांगितल्याशिवाय ‘दुप्पट’, ‘निम्मा’, ‘इतके टक्के वाढ’ असे शब्द छापू नयेत, असे मला फार तीव्रतेने वाटते, कारण अशा अर्धवट खऱ्या आकड्याने होणारे नुकसान खोट्या आकड्याइतकेच असते आणि ते दुरुस्त करणे जास्त कठीण जाते.

२०२४ च्या उन्हाळ्यात कोव्हिशील्डविषयी आपल्याकडे जी घबराट झाली, ती आठवून पाहावी. या लशीमुळे क्वचित रक्तात गुठळ्या होऊ शकतात, हे मूळ कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात मान्य केल्याची बातमी आली, आणि घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तीन वर्षांपूर्वी लस घेतलेली माणसे तपासण्या करून घ्याव्यात का, असे विचारू लागली. हा दुर्मीळ परिणाम २०२१ पासूनच नोंदलेला होता, आणि तो लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसतो. हे एक वाक्य बातमीच्या पहिल्या परिच्छेदात असते, तर २०२१ मध्ये लस घेतलेल्या माणसाला लगेच कळले असते, की आपल्यापुरता तो काळ केव्हाच उलटून गेला आहे. धोका आहे का, याबरोबर धोका केव्हा असतो, हेही सांगावे लागते.

स्थानिक उदाहरण घ्यायचे तर ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीला आलेला पूर घेता येईल. नदीची पातळी पस्तीस फुटांच्या वर गेली, हे सर्वांनी ऐकले. पण अकोटा किंवा समा भागात तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला फुटांचा तो आकडा आपल्या उंबरठ्याशी जोडता येत नव्हता. आमच्या सोसायटीत पाणी कधी शिरेल, गाडी कुठे लावावी, आजोबांना वरच्या मजल्यावर केव्हा न्यावे, एवढेच त्यांना हवे होते. अंदाज वर्तवण्याचे तंत्र कितीही पुढे गेले, तरी हा शेवटचा टप्पा माणसालाच पार करावा लागतो.

उलट बाजूने, साधा आकडा लोकांच्या हाती दिला, तर लोक स्वतः हिशेब करू शकतात. नॅनो युरिया हे याचे चांगले उदाहरण आहे, आणि ते गुजरातचेच आहे; इफ्को या खत बनवणाऱ्या सहकारी संस्थेच्या कलोल येथील कारखान्याचे उद्घाटन २८ मे २०२२ रोजी झाले. पाचशे मिलिलिटरची एक बाटली युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या एका गोणीचे काम करते, असा प्रचार होता. सुरुवातीच्या बाटलीवर नायट्रोजनचे प्रमाण ४ टक्के दिलेले होते. म्हणजे एका बाटलीत सुमारे २० ग्रॅम नायट्रोजन. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे गोणीत २० किलोंहून थोडा जास्त. हा हजारपटीचा फरक आहे. जमिनीत टाकलेल्या युरियाचा निम्म्याहून अधिक भाग वाया जातो आणि पानावर फवारलेले द्रव्य पिकाला चांगले लागते, हे दोन्ही मान्य केले तरी हजारपटीची दरी त्याने भरत नाही. तेव्हा दावा खरा ठरवायचा, तर नायट्रोजनच्या निव्वळ पुरवठ्याखेरीज दुसरी कोणती तरी क्रिया तिथे घडते, असे दाखवून द्यावे लागते. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या शेतांवरच्या प्रयोगांत नॅनो युरिया वापरून नेहमीचा युरिया कमी केला, तेव्हा गहू आणि भात दोन्हींचे उत्पादन घटले. इफ्कोने देशभर केलेल्या आपल्या चाचण्यांचा दाखला दिला. इथे कोण बरोबर, हा निकाल शेतांवरचे स्वतंत्र प्रयोगच देतील. पण बाटलीवरची टक्केवारी आणि गोणीवरची टक्केवारी शेजारी मांडून गुणाकार करणे आठवीच्या विद्यार्थ्यालाही जमते, आणि तो करायला शिकवणे हे विज्ञान सांगण्याचेच काम आहे, असे मी मानतो.

अनिश्चितता लपवण्याचा मोह सर्वांत धोक्याचा असतो. मे १९९० मध्ये ब्रिटनमध्ये गाईंना होणाऱ्या ‘मॅड काऊ’ रोगाची भीती पसरली असताना तिथल्या कृषिमंत्र्याने कॅमेऱ्यासमोर आपल्या लहान मुलीला बर्गर देऊ केला आणि गोमांस पूर्ण सुरक्षित असल्याची ग्वाही दिली. मार्च १९९६ मध्ये त्याच सरकारला हा रोग बहुधा माणसांतही आला आहे, असे संसदेत सांगावे लागले. १९९० मध्ये उपलब्ध असलेली माहिती मंत्र्याने खोटी सांगितली नव्हती. त्याने फक्त ‘अजून नक्की कळलेले नाही’ हा भाग वगळला. त्यानंतर काही वर्षांतच युरोपात जनुकबदल केलेल्या अन्नाला जो कडवा विरोध झाला, त्यामागे हा तुटलेला विश्वास मोठ्या प्रमाणावर होता. एका विषयात पत गमावली, की तिची किंमत दुसऱ्या, असंबंधित विषयात मोजावी लागते.

बडोद्याला या बाबतीत स्वतःचा वारसा आहे, आणि तो केवळ अभिमानाने मिरवण्यापुरता नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले आणि रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्या देखरेखीखाली रंगकाम, विणकाम, यंत्रकाम हे विषय देशी भाषांतून शिकवण्याची सोय केली. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सबंध राज्यात सुरू झाले. पण वाचायला शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला काय मिळणार, हा प्रश्न महाराजांना पडला, आणि १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर ग्रंथालये उभी करायला घेतली. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव मोफत फिरत. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्याची एक वेगळी शाखा होती. ती जादूच्या दिव्याची (मॅजिक लँटर्नची) पडद्यावरची चित्रे आणि पुढे चलचित्रे घेऊन खेड्यांत जाई आणि आरोग्य, शेती, उद्योग असे विषय दाखवी.

या व्यवस्थेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे गावातले ग्रंथालय उभे करताना गावानेही वर्गणी काढायची, मग राज्य आणि स्थानिक मंडळ आपापला हिस्सा घालणार, अशी पद्धत होती. त्यामुळे पेटीत काय यावे, याविषयी गावाला बोलण्याचा हक्क राहिला. आजच्या विज्ञानप्रसारात पैसा वरून येतो, विषय वरून येतात, आणि म्हणूनच श्रोत्याला फक्त खुर्ची मिळते. आपल्या शहरात आणखी एक अडचण आहे. नातवंडे विज्ञान इंग्रजीत किंवा गुजरातीत शिकतात, आई-वडील कामाच्या ठिकाणी गुजराती बोलतात आणि आजी-आजोबांचे सगळे विचार मराठीत चालतात. नवे औषध, नवे बियाणे, कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला खोटा व्हिडिओ, यांच्याविषयीचा निर्णय मात्र एकाच जेवणाच्या टेबलावर व्हायचा असतो. तिथे ज्ञान असलेला नातू आणि अनुभव असलेली आजी एकमेकांशी नेमके बोलू शकले नाहीत, तर निर्णय शेवटी फॉरवर्ड केलेल्या मजकुराच्या हाती जातो.

या सगळ्याची कसोटी सध्या एका ताज्या विषयावर लागणार आहे. ४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जनुक-संपादन केलेल्या भाताची दोन वाणे जाहीर केली. हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेचे ‘कमला’ हे सांबा महसुरीपासून केलेले आहे, आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा डीएसटी राईस १’ हे एमटीयू १०१० या वाणापासून. बातमी आल्यावर बहुतेक जण हा जीएम, म्हणजे जनुकबदल केलेला, तांदूळच, असे धरून चालले, तर काही लेखांनी यात बाहेरचे जनुक मुळीच घातलेले नाही, असे ठामपणे लिहिले. दोन्ही विधाने थोडी थोडी घसरलेली आहेत.

या तंत्राला लेखांतून ‘जनुकाची कात्री’ म्हटले जाते. उपमा चांगली आहे, पण ती निम्मीच गोष्ट सांगते. क्रिस्पर-कॅस९ या जोडीतला एक रेणू जनुकातली नेमकी जागा शोधतो आणि कॅस९ हे प्रथिन तिथे डीएनए तोडते, इथपर्यंत कात्री ठीक आहे. त्यापुढची दुरुस्ती पेशी स्वतः करते, आणि ती करताना एखाद-दुसरे अक्षर गळते किंवा जास्तीचे बसते. अपेक्षित बदल या दुरुस्तीतून मिळतो. म्हणूनच मिळालेल्या असंख्य रोपांतून हवा तो बदल असलेले आणि दुसरीकडे कुठे चुकून तोड न झालेले रोप शास्त्रज्ञांना शोधून काढावे लागते. ‘कमला’मध्ये ज्या जनुकात बदल केला आहे, ते सायटोकायनिन या वाढीच्या संप्रेरकाचे विघटन करणारे विकर बनवते. ते जनुक मंदावले की ओंबीत संप्रेरक जास्त राहते आणि दाणे जास्त भरतात. उत्पादन १९ टक्क्यांनी वाढते आणि पीक सुमारे वीस दिवस आधी तयार होते, असे संस्थेचे म्हणणे आहे.

बाहेरच्या जनुकाचे काय, हा प्रश्न राहतो. कॅस९ बनवणारे जनुक रोपात आणण्यासाठी सहसा ते आधी रोपात घालावे लागते, आणि ते वनस्पतीचे नसून जीवाणूचे असते. बदल झाल्यावर पुढच्या पिढीत, जनुकांची वाटणी होताना, ज्या रोपांकडे ते आलेले नाही अशी रोपे निवडली जातात. तेव्हा ‘बाहेरचे जनुक शेवटच्या रोपात उरलेले नाही’ हे वाक्य बरोबर आहे आणि ‘कधीच घातलेले नाही’ हे वाक्य बहुधा चुकीचे आहे. ३० मार्च २०२२ च्या केंद्राच्या आदेशाने अशा प्रकारच्या वनस्पतींना जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली, ती याच अटीवर, की अंतिम रोपात बाहेरचा डीएनए नसावा. हा फरक दोन मिनिटांत सांगता येतो. तो सोयीसाठी वगळला, तर उद्या कोणीतरी ते अर्धे सत्य उघड करील आणि मग उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

घरात कोलम किंवा आंबेमोहोर शिजवणाऱ्या बडोदेकराला या वाणांविषयी विचारण्याजोगे बरेच आहे, आणि ते आताच विचारले पाहिजे, कारण बियाणे बाजारात आल्यावर कोणी थांबत नाही. १९ टक्क्यांचा आकडा किती ठिकाणच्या, किती हंगामांच्या चाचण्यांतून आला, आणि सगळी आकडेवारी स्वतंत्र शास्त्रज्ञांना पाहायला मिळेल का? शेतकऱ्याला घरचे धान राखून पुढच्या वर्षी पेरता येईल का? क्रिस्पर तंत्रावर परदेशी संस्थांची पेटंटे आहेत, तर त्यांचा परवाना घेण्याचा खर्च बियाण्याच्या किमतीवर पडेल का, आणि पडलाच तर तो कोण सोसणार? बाजारातल्या गोणीवर हा तांदूळ कोणता, हे लिहिलेले असेल का? यांतला एकही प्रश्न समजण्यासाठी जनुकशास्त्राची पदवी लागत नाही, आणि संशोधन संस्थांच्या शास्त्रज्ञांनी या विषयावर बोलायला येताना पहिला अर्धा तास याच उत्तरांसाठी राखून ठेवावा, पेशींची चित्रे त्यानंतर दाखवावीत, एवढी विनंती आयोजकांनी निमंत्रणातच करायला हरकत नाही.